जुन्या घडीव लोखंडातून राखी बगळा: माल ओळखण्यापासून बैठकीपर्यंत

लोखंडाचे मोर, बिबटे, बगळे घडवायला लागलेली मुलं आपलं काम दाखवायला आणतात, तेव्हा तीन दोष पुन्हा पुन्हा दिसतात. चोचीचं टोक केरसुणीसारखं फाटलेलं असतं. पिसं वेल्डिंगसकट पापुद्र्यासारखी निघून आलेली असतात. आणि नीट उभा केलेला पक्षी महिन्याभरात पुढे झुकलेला असतो. हात चांगला असूनही हे होतं, कारण भंगारातलं लोखंड कोणत्या जातीचं आहे हे न बघता ते भट्टीत गेलेलं असतं आणि कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

म्हणून इथे एकच पक्षी घेतो आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो. राखी बगळा निवडला, कारण तो खानदेशात तापीकाठी, हतनूरच्या पाणथळीत, अनेर धरणावर कुणालाही तासभर उभा बघता येतो. त्याला खऱ्या उंचीत, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास, घडवणं एका माणसाला झेपतं. आणि त्याची मान, चोच, पाय जमले की पुढे मोर असो वा तरस, काहीही जमेल.

आधी जागा आणि वेळ

भट्टी सावलीत लावा. नुसतं ऊन लागू नये म्हणून नव्हे. घडीव लोखंडाचं सगळं काम त्याच्या रंगावर चालतं आणि आपल्याकडच्या उन्हात तो रंग दिसतच नाही. सावलीत पिवळा दिसणारा गज उन्हात जेमतेम लाल वाटतो. मग माणूस आणखी हवा मारतो आणि लोखंड जळून ठिणग्या फेकायला लागतं. तीन बाजूंनी तट्ट्या किंवा पत्रे लावा, एक बाजू वाऱ्याला मोकळी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा पहाटे पाच ते नऊ एवढंच काम करा.

हत्यारं जास्त लागत नाहीत. ऐरण, दीड किलोचा एक आणि पाऊण किलोचा एक हातोडा, दोन सांडशी, छिन्नी, सुंभा (ठोकून खळगा पाडायचा), कानस, ब्लोअरची भट्टी, ग्राइंडर आणि साधं वेल्डिंग मशिन. ऐरण नसेल तर जाड लोखंडी ठोकळा चालेल, पण तो बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवा. हलणाऱ्या ऐरणीवर निम्मा घाव वाया जातो.

इशारा: पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) ढीग, केळीची वाळलेली पानं, कडब्याची गंजी यांच्यापासून भट्टी लांब ठेवा. ग्राइंडरची ठिणगी चार-पाच मीटर सहज जाते आणि वाळल्या पाल्यात अर्धा तास धुमसत राहते. अंगात सुती कपडे, पायात चामडी बूट, डोळ्यांवर गॉगल. टेरिकॉट अंगावर असेल तर कामाला उभंच राहू नका, ते वितळून कातडीला चिकटतं.

### १. माल गोळा करताना

पडलेल्या वाड्यांचे खिडक्यांचे गज, दरवाज्यांचे कोयंडे, कड्या, साखळ्या, बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव (चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी), मोटेच्या विहिरीवरची जुनी लोखंडी कामं: घडीव लोखंड मिळण्याची शक्यता इथे. आज दुकानात 'रॉट आयर्न' म्हणून जे गेट आणि झोपाळे विकतात ते घडीव लोखंड नसतं, साधं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) असतं. नावाला फसू नका.

बगळ्यासाठी मी एवढा माल घेतो: १६ मिलिमीटरचा चौकोनी गज ७० सेंटिमीटर, १० मिलिमीटरच्या दोन गोल सळया प्रत्येकी ६५ सेंटिमीटर, धावेची पट्टी साधारण दोन मीटर, थोडी साखळी आणि दोन-तीन कोयंडे. सगळ्यालाच दहा टक्के जास्त धरा. जुन्या लोखंडात आत काय लपलंय ते तापवल्यावरच कळतं.

चार गोष्टी विकत घेऊ नका, फुकट मिळाल्या तरी आणू नका:

रेल्वेचा कोणताही तुकडा. भुसावळच्या आसपास भंगारात खिळे, फिशप्लेटा, रुळाचे तुकडे सर्रास दिसतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. अधिकृत लिलावाची पावती हातात नसेल तर हात लावू नका.

जुनी शस्त्रं, नक्षीदार किंवा अक्षरं कोरलेल्या वस्तू. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या आजोबांनी घडवलेली फुलांची कडी तोडून तिचं पीस करणं मला पटत नाही. तशी कडी आहे तशीच जपा.

जस्ताचा मुलामा असलेला माल. चकचकीत राखाडी, फुलं-फुलं दिसणारा. तापल्यावर पांढरा धूर येतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, सिलिंडर, शॉक ॲब्सॉर्बर. भट्टीत गेला की तो फुटतो.

### २. लोखंड ओळखणं

हीच पायरी सगळे गाळतात, म्हणून इथे थांबतो.

भंगाराच्या ढिगात चार जाती मिसळलेल्या असतात: घडीव लोखंड, एमएस, कडक पोलाद म्हणजे गाडीचे कमानपाटे, कानशी वगैरे, आणि बीड म्हणजे ओतीव लोखंड. घडीव लोखंडात कार्बन जवळपास नसतो, साधारण ०.१ टक्क्याहून कमी. पण त्यात एक-दोन टक्के मळ (स्लॅग) असतो, आणि तो लांबच लांब धाग्यांसारखा पसरलेला असतो. म्हणून या लोखंडाला उसासारखे, पऱ्हाटीसारखे तंतू असतात. तंतूंच्या दिशेने ते चिवट, तंतूंच्या आडवं ते कच्चं. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून येतात.

पहिली तपासणी, डोळ्यांनी. गंज खरवडून बघा. घडीव लोखंड खूप वर्षं पाण्यापावसात राहिलं असेल तर गंज लाकडाच्या शिरांसारख्या लांब रेघांत खातो. एमएसवर गंजाचे खड्डे ठिपक्यांसारखे येतात.

दुसरी, ग्राइंडरवर. संध्याकाळी, अंधारात करा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, शांत रेघा असतात, टोकाला फारशा फुटत नाहीत. एमएसच्या ठिणग्यांना थोडे फाटे येतात. कमानपाट्याच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या तडतडतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर.

तिसरी, खाच पाडून. ही शेवटची आणि खरी. तुकड्याच्या टोकाशी निम्म्या जाडीपर्यंत करवतीने खाच पाडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्याने वाकवा. घडीव लोखंड ओली पऱ्हाटी मोडताना जशी साल निघते तसं तंतू काढत फाटतं. एमएस न फाटता वाकतं किंवा बारीक दाण्याने तुटतं. बीड न वाकता गुळाच्या ढेपेसारखं एका घावात फुटतं.

प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहून ठेवा. मी 'घ', 'ए', 'क', 'बी' लिहितो. दुसऱ्या दिवशी लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

धावेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुनी धाव घडीव असू शकते, पण नंतरच्या काळात एमएसच्या पट्टीच्याही धावा चढवल्या गेल्या. तपासा आणि मगच ठरवा. एमएस निघालं तर फेकू नका, आतला सांगाडा त्याचा करा. न दिसणाऱ्या जागी एमएस वापरण्यात काही कमीपणा नाही. बीड मात्र या कामात कुठेच नको.

### ३. पक्षी बघा, मग रेघ मारा

मोबाइलवरचा फोटो एका बाजूचा असतो. आपल्याला चारही बाजूंनी फिरता येईल असा पक्षी करायचा आहे. हिवाळ्यात एक सकाळ हतनूरला घालवा. घरट्यांजवळ जाऊ नका, लांबूनच बघा.

तीन गोष्टी वहीत उतरवा.

मान. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका वेगळ्या घडणीचा, लांबट असतो, त्यामुळे मान सापासारखी गोल नागमोडी वळत नाही. एका जागी ती कोनात मोडते. गोल मान केली की बगळ्याचा हंस होतो, आणि हीच चूक मी सगळ्यात जास्त बघितली आहे.

पाय. मागे वळलेला जो गुडघा वाटतो तो गुडघा नसतो, घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत झाकलेला. घोट्यापासून बोटांपर्यंतचा भाग साधारण १५-१६ सेंटिमीटर.

चोच. सुरीसारखी सरळ, १२ सेंटिमीटरच्या आसपास, आणि डोळा चोचीच्या रेघेला जवळजवळ चिकटून.

आता एमएसच्या पत्र्यावर किंवा फरशीवर खऱ्या मापाचं चित्र खडूने काढा. तापलेला गज त्याच्यावर धरून बघायचा आहे, म्हणून कागद चालणार नाही. फरशीवर चित्र असेल तर गज वरून धरा, टेकवू नका. तापलेलं लोखंड टेकलं की सिमेंट तडतडून उडतं.

### ४. साफसफाई

आधी जुना रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका आणि जाळूही नका. पेंट रिमूव्हर लावा, ओला असतानाच खरवडा, खरवडलेलं कागदात गुंडाळून वेगळं टाका. लहान मुलं जवळ नकोत. मग वायर ब्रशने सैल गंज काढा. खोल गंज असेल तर तुकडा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा.

ग्राइंडरने चकचकीत करू नका. त्या शिरा, ते खड्डे उद्या तुमच्या बगळ्याची पिसं होणार आहेत.

### ५. पाय आणि कणा

सुरुवात पायापासून. बहुतेक जण डोक्यापासून करतात, कारण ते करायला मजा येते. मग डोकं जड होतं, पाय त्याला पुरत नाहीत.

सळईचं खालचं टोक आठ सेंटिमीटर लांबीत चपटं करा. त्याच्या तीन पट्ट्या चिरायच्या, ती पुढची तीन बोटं. चिरण्याआधी चीर जिथे संपणार तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाडा. तंतूंच्या दिशेने घडीव लोखंड सुरेख चिरतं, पण भोक नसेल तर चीर थांबत नाही, वर पायात धावत जाते. मागचं चौथं बोट वेगळ्या तुकड्याचं करून नंतर जोडा.

घोट्याची गाठ आणण्यासाठी तेवढीच जागा पिवळी तापवा, वरखाली पाणी मारून थंड करा आणि सळई उभी धरून टोकावर ठोका. मधला भाग फुगतो. लाल असताना ठोकलं तर तो फुगण्याऐवजी कणसाच्या पानांसारखा उकलतो.

कण्यासाठी धावेची ४० सेंटिमीटर पट्टी घ्या, किंचित कमान द्या. पाय त्यात भोकं पाडून घुसवा आणि वरून रिव्हेटसारखे ठोकून बसवा. नुसतं टेकवून वेल्डिंग नको, कारण पुढे येईलच.

तपासणी: आत्ताच ओळंबा सोडा. कण्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर दीड किलोचं वजन बांधा, मान आणि डोकं जेवढं भरेल तेवढं. ओळंब्याचा दोरा बोटांच्या मधोमध पडला पाहिजे. पुढे पडत असेल तर घोट्यापाशी कोन बदला. नंतर बदलता येणार नाही.

### ६. मान आणि चोच

१६ मिलिमीटरचा गज. मधोमध नाही, एका टोकाकडे खडूची खूण करा. खुणेच्या पुढचा भाग चोच, खुणेपाशी पूर्ण जाडी ठेवायची ते डोकं, मागचा भाग मान.

आमच्याकडचे एक म्हातारे लोहारबाबा शेजारी बसून एवढंच म्हणायचे, "घाई नको करू भो, रंग बघ." रंगाचा हिशोब असा: नारिंगीच्या वर, पिवळ्यात घाव घाला. एका तापात, म्हणजे एकदा तापवल्यावर, आठ-दहा घाव. नारिंगी उतरून लाल झालं की हात थांबवा आणि परत भट्टीत घाला. एमएस लालमध्ये ठोकून घेतं. घडीव लोखंड घेत नाही, तंतू एकमेकांपासून सुटतात, आणि ती चीर आत्ता दिसली नाही तरी चार तापांनंतर दिसते.

चोच ओढताना गज आधी चौकोनीच ठेवा. घाव, पाव वळण, घाव, पाव वळण. टोक हवं तेवढं बारीक झालं की कोपरे मारून अष्टकोनी करा आणि शेवटी गोल. सुरुवातीपासून गोल ठोकलं तर बाहेरचा थर पुढे सरकतो, आतला मागे राहतो आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी पोकळी येते.

टोक फाटलंच तर घाबरू नका. टाकणखार (बोरॅक्स) पेरा, पिवळ्याहून वर, पांढरट होईपर्यंत तापवा आणि हलक्या हाताने, झटझट चार घाव घाला. मळ पातळ होऊन बाहेर पडतो आणि तंतू पुन्हा सांधतात. त्या रंगात जोराचा घाव घातला तर लोखंड कुस्करतं. सांधलं नाही तर तेवढं टोक कापून टाका. म्हणूनच मी चोच १२ ऐवजी १५ सेंटिमीटर धरतो.

आता मानेचा कोन. तापवून, ऐरणीच्या गोल केलेल्या कडेवर वाकवा. तीक्ष्ण कडेवर वाकवलं की बाहेरचे तंतू तुटतात. आधी मोडणारा कोन करा, मग त्याच्या वरची आणि खालची सौम्य वळणं. प्रत्येक तापानंतर चित्रावर धरून बघा.

तपासणी: मान थंड झाली की नखाने टकटक करा आणि ओल्या फडक्याने पुसून उन्हात धरा. केसासारखी काळी रेघ ओली राहिलेली दिसली तर ती चीर आहे. लगेच सांधा.

### ७. जोड

पिसं गळतात ती इथे. घडीव लोखंडाला थर असतात. त्याच्या चपट्या अंगावर वेल्डिंगचा ठिपका दिला की तो फक्त वरच्या पापुद्र्याला धरतो. ओढ बसली की ठिपका पापुद्र्यासकट निघतो. लोक म्हणतात रॉड खराब होता. रॉड चांगलाच असतो.

जिथे भार येतो तिथे तीनपैकी एक करा: आरपार रिव्हेट, भोकात घुसवून ठोकलेला खुंटा, किंवा तापवून गुंडाळलेली पट्टी. वेल्डिंग करायचंच असेल तर दोन्ही कडा तिरक्या घासून खोबण करा, म्हणजे सगळे थर जोडात येतील. ६०१३ नंबरचा अडीच मिलिमीटर वेल्डिंग रॉड, ७० ते ८० अँपिअर, आणि हात सावकाश. लोखंडातला मळ वर यायला वेळ लागतो, घाई केली की जोडात बुडबुडे अडकतात. पहिला थर छिन्नीने साफ करून दुसरा द्या. वेल्डिंगच्या मुखवट्याची काच १० नंबरची, त्याहून फिकी नको.

मान कण्याला खुंट्यानेच बसवा.

### ८. धड आणि पिसं

कण्याला चार फासळ्या लावा, एमएसची सळई चालेल. धड पेटीसारखं बंद करू नका. आतून दिसणारी मोकळी जागा बगळ्याला हलका ठेवते आणि पाणीही साचत नाही.

पिसं धावेच्या पट्टीतून. नियम एकच: तंतू पिसाच्या लांबीत हवेत. पट्टी आडवी कापून पीस केलं तर टोक पहिल्याच वाकवण्यात तुटतं. पाठीवरची आणि छातीवरची पिसं लांब, निमुळती असतात, १२ ते १५ सेंटिमीटर. चाळीसेक पुरतात. मधली शीर बोथट छिन्नीने, तापलेल्या पिसावर. टोक थोडं वळवा.

लावताना शेपटीकडून मानेकडे या, कौलं घालतात तसं, पुढचं मागच्यावर. प्रत्येक पिसाला मुळाशी एक रिव्हेट. डोक्यामागची दोन लांब काळी पिसं साखळीची कडी सरळ करून ओढा, ती नाजूक लागतात.

डोळ्यासाठी सुंभ्याने खळगा, बस. छर्रा किंवा मणी बसवू नका, तो खेळण्यासारखा दिसतो. आणि खरी पिसं, नखं, दात, शिंगं कुठेही लावू नका. बहुतेक वन्यप्राण्यांचे अवयव बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि लोखंडाला त्यांची गरजही नाही.

### ९. तेल

घरात ठेवायचा असेल तर सगळं अंग वायर ब्रशने घासा, हलकंसं तापवा, जवसाचं तेल लावल्यावर किंचित धूर निघेल इतकंच. पातळ हात फिरवा, पुसा, पुन्हा फिरवा. तीन हात. शेवटी मधाच्या पोळ्याचं मेण. जाड हात दिला तर तेल चिकट राहतं आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसून पक्षी मातकट होतो.

अंगणात ठेवायचा असेल तर तेल पुरणार नाही. झिंक प्रायमर आणि वर मॅट रंग. रंग लावायचा ठरवला असेल तर आधी तेल लावू नका.

इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

### १०. बैठक

मला फुटक्या जात्याची तळी आवडते. वजन भरपूर, आणि मधलं भोक आयतं. पण पाय दगडावर ठेवून वेल्डिंग करू नका, दगड तडकतो. पायांची बोटं आधी सहा मिलिमीटरच्या पट्टीवर बसवा, पट्टीला खालून बोल्ट जोडा, तो जात्याच्या भोकातून घालून खाली मोठा वॉशर आणि नट.

बोल्ट आवळून बगळा आठवडाभर तसाच ठेवा. भिंतीवर त्याच्या चोचीच्या टोकाशी पेन्सिलची खूण करा. आठ दिवसांनी टोक खुणेच्या खाली आलं असेल तर कण्याचा रिव्हेट सैल आहे. तो काढून जाड रिव्हेट ठोका, वरून वेल्डिंगचा टाका मारून झाकू नका. बाहेर ठेवलेल्याची पाहणी दरवर्षी मृगाआधी करा: बोटांच्या बेचक्या आणि पिसांची मुळं, पाणी तिथेच थांबतं.